व्यवसायोपचाराची पदवी : आधी इमारत की आधी रुग्ण?

आमच्या पेठेतल्या एका किराणा दुकानदारांना दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. वेळेवर रुग्णालयात नेले म्हणून जीव वाचला. दोन महिने फिजिओथेरपी झाली आणि गृहस्थ काठी टेकत चालू लागले. पेढे वाटले, देवाला नारळ दिला. सगळे म्हणाले, बरे झाले.

पण ते बरे झाले नव्हते. दुकानात येऊन गल्ल्यावर बसत, गिऱ्हाईक आले की मुलाला हाक मारत. पावशेर साखरेची पुडी बांधायची तर एका हाताने कागद धरावा लागतो आणि दुसऱ्याने दोरा गुंडाळावा लागतो. चाळीस वर्षे डोळे मिटून केलेले काम आता होईना. सदऱ्याची बटणे बायकोने लावायची, जेवताना भाकरी मुलीने मोडून द्यायची. एकदा मला म्हणाले, "मी आता दुकानात भिंतीवरच्या फोटोसारखा. हार तेवढा घालायचा राहिलाय."

पुढे मुलाने त्यांना शहरातल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात नेले. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न 'कुठे दुखते?' असा केलाच नाही. त्यांनी विचारले, "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही काय काय करत होता? त्यातले काय पुन्हा करावेसे वाटते?" पुढच्या खेपेला दुकानातला कागद आणि दोऱ्याचे रीळ घेऊन यायला सांगितले. या बाई व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या.

त्या दिवशी मीही सोबत होतो. एका गोष्टीकडे माझे लक्ष गेले. दुकानदारांचा डावा हात टेबलावर नीट ठेवून कागद कसा दाबून धरायचा हे शिकवत होती एक विद्यार्थिनी. बाई तिच्या मागे उभ्या होत्या. मुलीने हात जरा ओढला, तशा बाई चटकन पुढे झाल्या, तिचा हात बाजूला केला आणि खांद्याखाली आधार कसा द्यायचा ते दाखवले. नंतर पुन्हा मागे जाऊन उभ्या राहिल्या.

आजच्या लेखाचा विषय ही मागे उभी राहणारी शिक्षिका आहे. निमित्त घडले ते असे की, आपल्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी मला भेटले. म्हणाले, "जागा आहे, दोन मजली इमारत आहे. व्यवसायोपचाराचा पदवी अभ्यासक्रम काढावा म्हणतो. काय काय लागेल?" त्याच आठवड्यात एका पालकांनीही विचारले, "मुलीला या कोर्सला घालू का?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर बरेचसे एकच आहे.

नावामुळे होणारा घोटाळा

'व्यवसाय' म्हटले की आपल्याला धंदा किंवा नोकरी आठवते. त्यामुळे अपंगांना शिवणयंत्र देणारी ही काही योजना असावी, असे पुष्कळांना वाटते. 'ओटी' म्हटले तर रुग्णालयातले लोक शस्त्रक्रियागृह समजतात. इथे व्यवसाय याचा अर्थ माणसाला दिवसभरात व्यापून ठेवणारे कोणतेही काम. अंघोळ, जेवण, स्वयंपाक, शाळेतले लिहिणे, मुलाचे खेळणे, दुकान, शेती हे सारे त्यात आले. आजार, अपघात, जन्मजात व्यंग किंवा मानसिक विकार यांमुळे ही कामे अडली, तर ती पुन्हा करता यावीत यासाठीचा उपचार म्हणजे व्यवसायोपचार.

फिजिओथेरपी आणि हा उपचार ही सख्खी भावंडे आहेत. ढोबळमानाने सांगायचे तर फिजिओथेरपिस्ट सांधे, स्नायू, तोल आणि चालणे यांवर भर देतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ त्या हालचालीतून रोजचे काम कसे उभे राहील ते पाहतात. हालचाल पुरती परत येत नसेल तर कामाची पद्धत, साधन किंवा घराची मांडणी बदलून घेतात. रुग्णाला दोघांचीही गरज असते.

मुंबईतली पहिली शाळा

या शास्त्राची पहिली संघटना अमेरिकेत १९१७ साली स्थापन झाली. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे त्याची गरज सर्वांना पटली. आपल्याकडे ते आणले कमलाबाई निंबकर यांनी. जन्माने त्या अमेरिकन. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणचे शेतीसंशोधक बनबिहारी निंबकर यांच्या त्या मातोश्री. चाळिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थिनी होऊन त्यांनी फिलाडेल्फियाला हे शिक्षण घेतले. परत येऊन १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. आशियातली अशी पहिली शाळा म्हणून ती ओळखली जाते.

१९५२ मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना निघाली. त्याच वर्षी जागतिक महासंघाची स्थापना झाली, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मुंबईत शीव आणि नायर रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत आणि देशात अन्यत्रही हे शिक्षण सुरू झाले. पदविकेची पदवी झाली.

या इतिहासात नव्या संस्थांनी घ्यावा असा एक धडा आहे. कमलाबाईंनी शाळा काढली ती रुग्णालयात. रुग्ण आधीपासून खाटेवर होते, शिकणारे त्यांच्यापाशी गेले. आज कुणी हा अभ्यासक्रम काढू म्हणेल, तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा लागेल : तुमचे रुग्ण कुठे आहेत?

पदवीत शिकवतात काय?

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा अभ्यासक्रम आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१९९८) आपल्या राज्यात ही पदवी चार वर्षे अभ्यास आणि त्यावर सहा महिने आंतरवासिता अशी चालत आली. केंद्राच्या २०२१ च्या कायद्यानंतर देशभरातले असे अभ्यासक्रम एकसारखे करण्याचे काम हाती घेतले गेले आहे. म्हणून कालावधी आणि प्रवेशाचे नियम यांबाबत त्या त्या वर्षीचे अधिकृत माहितीपत्रकच प्रमाण मानावे.

सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया आणि मानसशास्त्र. मग विकृतिशास्त्र, औषधशास्त्र आणि हालचालींचे यंत्रशास्त्र. त्यानंतर अस्थिरोग, मेंदूविकार, बालरोग, मनोविकार यांची ओळख आणि प्रत्येक विकारातला व्यवसायोपचार. पण या साऱ्याचा कणा म्हणजे कामाचे पृथक्करण.

भाकरीचेच उदाहरण घ्या. आपल्या आया-बहिणी बोलता बोलता भाकरी थापतात. विद्यार्थ्याला ती सुटी करून पाहावी लागते. पीठ मळताना दोन्ही तळव्यांची टाच दाबली जाते, त्यासाठी खांदा आणि कोपर स्थिर लागतात. थापताना तळवा सपाट आणि बोटे पसरलेली हवीत, शिवाय भाकरी फिरती ठेवायची म्हणजे दोन्ही हातांचा मेळ हवा. उचलून तव्यावर टाकताना जोखमीचा क्षण येतो. तव्याचे अंतर अजमावणारी नजर, उष्णता कळणारी त्वचा आणि थरथर नसलेला हात, तिन्ही एकदम लागतात. पुढे पाणी फिरवणे, उलटणे, फुगवणे हा क्रम लक्षात राहायला हवा. शेवटी गॅस बंद करण्याचे भान हवे.

आता एखाद्या बाईंना अर्धांगवायूनंतर भाकरी जमत नाही. का जमत नाही? हातात जोर नाही म्हणून, चटका कळत नाही म्हणून, की मेंदूच्या इजेमुळे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही म्हणून? तिन्हींचे उपचार वेगळे. जोर कमी असेल तर तो वाढवता येईल किंवा बसून करण्याची सोय करता येईल. चटका कळत नसेल तर लांब दांड्याचा चिमटा द्यायचा आणि नजरेने खात्री करण्याची सवय लावायची. डाव्या बाजूचे भान हरपले असेल तर आधी त्यावर काम करायचे, तोवर एकटीने चुलीपाशी जाऊ द्यायचे नाही. हा निवाडा पाठांतराने येत नाही. अनेक रुग्णांपाशी बसून, चुकून आणि जाणत्याने चूक दाखवून दिल्यावर तो येतो.

एक हजार तासांचे गणित

जागतिक महासंघाने या शिक्षणाची किमान मानके ठरवली आहेत. ती २०१६ मध्ये सुधारण्यात आली. त्यांतली एक अट अशी की, प्रत्येक विद्यार्थ्याने शिक्षणाच्या काळात निदान १,००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम केले पाहिजे.

हा आकडा ऐकायला सोपा आहे. आपण हिशेब मांडून पाहू. दिवसाला सहा तास आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर एका विद्यार्थ्याला जवळजवळ २८ आठवडे लागतात. एका वर्गात ३० विद्यार्थी असतील तर एका तुकडीचे ३०,००० तास झाले. एक शिक्षक एका वेळी पाच जणांकडे लक्ष देतो असे धरू, याहून जास्त असतील तर ती देखरेख नावापुरतीच. म्हणजे शिक्षकांचे ६,००० तास. सुट्या वजा जाता एका शिक्षकाचे वर्षाला साधारण १,६५० तास भरतात. याचा अर्थ, वर्गातले शिकवणे बाजूला ठेवले तरी नुसत्या देखरेखीसाठी जवळजवळ चार पूर्णवेळ शिक्षक वर्षभर लागतील.

रुग्णांचेही असेच आहे. हे तास वर्षभरात वाटले तर कोणत्याही दिवशी १८ विद्यार्थी रुग्णांपाशी असणार. प्रत्येकाने चार रुग्ण पाहायचे म्हटले तर रोज सत्तरच्या वर रुग्ण हवेत. आणि तेही सगळे एकाच प्रकारचे असून चालत नाहीत. लकव्याचे, हाताच्या इजेचे, भाजलेले, मेंदूच्या पक्षाघाताची मुले, स्वमग्न मुले, मनोरुग्ण, वृद्ध असे सर्व प्रकार हवेत.

हा हिशेब मी त्या पदाधिकाऱ्यांना कागदावर करून दाखवला. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे इमारत हा सगळ्यात सोपा भाग."

अगदी बरोबर.

परवानगी आणि मांडणी

आता कागदोपत्री बाजू. आरोग्याशी संबंधित पदवी ही संस्थेला आपल्या मनाने काढता येत नाही. शासनाची परवानगी आणि विद्यापीठाची संलग्नता लागते. विद्यापीठाची चौकशी समिती जागा, शिक्षक, उपकरणे आणि रुग्णालय प्रत्यक्ष पाहून अहवाल देते. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांच्यासाठी राज्य परिषदेचा २००२ चा कायदा आहे. केंद्राच्या २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदा अशी रचना ठरवली, तीत व्यवसायोपचारही आहे. संस्थेने पहिली वीट रचण्याआधी विद्यापीठ आणि परिषद या दोन्हीकडून सध्याचे नियम लेखी मागवावेत. प्रवेश आधी आणि मान्यता मागाहून, अशा घाईत विद्यार्थ्यांची वर्षे वाया जातात. पैसे एक वेळ परत मिळतील, वर्षे मिळत नाहीत.

वर्गखोल्यांशिवाय काही खास दालने लागतात. हाताच्या स्प्लिंट बनवण्यासाठी एक खोली, जिथे विशिष्ट प्लॅस्टिक गरम पाण्यात मऊ करून रुग्णाच्या हाताच्या आकाराला बसवतात. मुलांसाठी झोके, गाद्या आणि खेळणी असलेले दालन. मनोरुग्णांबरोबर गटाने काम करण्याची जागा. आणि नित्यकर्मांच्या सरावासाठी घरासारखी मांडलेली खोली. या खोलीत परदेशी तक्त्याबरहुकूम उंच कमोड आणि टेबल-खुर्चीच ठेवून भागत नाही. आपला रुग्ण खाली बसून जेवतो, भारतीय पद्धतीच्या संडासात जातो आणि बादली-तांब्याने अंघोळ करतो. सराव त्याचाच व्हायला हवा.

शिक्षक मिळणे हे त्याहून अवघड. पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तज्ज्ञ मुळात थोडे, त्यांतले बरेच मोठ्या शहरांत किंवा परदेशी. जिल्ह्याच्या गावी ते टिकायचे तर वेळेवर पगार, राहण्याची सोय आणि स्वतःचे रुग्ण पाहण्याची मुभा हवी.

रुग्णांसाठी जिल्हा रुग्णालय, खास मुलांच्या शाळा, वृद्धाश्रम यांच्याशी लेखी करार करावे लागतात. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मनोविकारांतले काम शिकण्यासाठी अशा ठिकाणी विद्यार्थी पाठवायचे तर त्यांच्याबरोबर शिक्षकही जायला हवा.

चालवणे अधिक कठीण

अभ्यासक्रम सुरू होतो तेव्हा फीत कापतात, फोटो छापून येतो. खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षी असते, तेव्हा सगळ्या तुकड्या एकदम रुग्णालयात असतात. विभागप्रमुखाचे निम्मे वर्ष पाळ्या लावण्यात जाते. कोणता गट कोणत्या वॉर्डात, किती आठवडे, कुणाच्या हाताखाली, हे सारे आधी ठरवावे लागते. सणाच्या दिवसांत रुग्ण घटतात, शेतीच्या हंगामात खेड्यातले रुग्ण येणे थांबवतात. त्याचीही सोय ठेवावी लागते.

प्रत्येक विद्यार्थ्याची एक नोंदवही असते. रुग्णाचे वय, निदान, अडलेले काम, ठरवलेले ध्येय, केलेला उपचार आणि आठवड्याने पडलेला फरक तीत लिहायचा आणि शिक्षकाने वाचून सही करायची. ही वही म्हणजे पदवीची नाडी. मी एके ठिकाणी अशा वह्या पाहिल्या आहेत, ज्यांत महिन्याभराच्या नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेल्या होत्या आणि सह्याही एकाच दिवशीच्या. कागदावर तास पूर्ण होते. त्या मुलांच्या हाताखाली पुढे जे रुग्ण गेले असतील, त्यांच्या खांद्यांची मला आजही काळजी वाटते.

ही काळजी उगाच नाही. लकव्यानंतर खांद्याचे स्नायू सैल पडतात. अशा वेळी रुग्णाला दुखऱ्या हाताला धरून ओढून उठवले तर खांदा आपल्या जागेवरून सरकू शकतो आणि महिनोन् महिने दुखतो. त्या मुलीच्या मागे उभ्या असलेल्या बाई चटकन पुढे का झाल्या, ते आता लक्षात येईल.

दुसरा मोह म्हणजे विद्यार्थ्यांना फुकटचे मनुष्यबळ समजणे. रुग्णालयात जागा भरायच्या नाहीत आणि आंतरवासितांकडून काम रेटायचे, यात विद्यार्थी शिकत नाही आणि रुग्णालाही पुरता उपचार मिळत नाही. विद्यार्थी उपचार करणार असेल तर तसे रुग्णाला सांगून त्याची संमती घ्यावी. बहुतेक रुग्ण आनंदाने हो म्हणतात. पण विचारले पाहिजे.

पालकांनी काय विचारावे?

महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा इमारतीवर भाळू नका. पाच गोष्टी विचारा. अभ्यासक्रमाला विद्यापीठाची आणि परिषदेची मान्यता या वर्षीची आहे का, कागद दाखवा. संलग्न रुग्णालय कोणते, तिथे या विभागात रोज किती रुग्ण येतात? व्यवसायोपचाराचे पूर्णवेळ शिक्षक किती? मनोविकार आणि बालविकार यांचा अनुभव कुठे देतात? शेवटच्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थ्याची नोंदवही पाहता येईल का? जमल्यास सकाळी दहा वाजता विभागात जाऊन नुसते पाच मिनिटे उभे राहा. तिथे रुग्ण आहेत की खुर्च्या, ते दिसेलच.

पदवीनंतर रुग्णालये, पुनर्वसन केंद्रे, खास शाळा, मनोरुग्णांच्या संस्था येथे काम मिळते, स्वतःचा दवाखानाही काढता येतो. परदेशी जायचे असल्यास त्या त्या देशाचे नियम आणि परीक्षा वेगळ्या असतात, इथल्या शिक्षणाला जागतिक महासंघाची मान्यता आहे का हेही पाहावे. कामाला तोटा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. लकव्यातून उठलेले आणि म्हातारपणाने थकलेले अनेक जण तर कोणत्याच यादीत नसतात.

ज्यांच्या घरी आज असा रुग्ण आहे, त्यांनी डॉक्टरांना आपण होऊन विचारावे की व्यवसायोपचाराचा उपयोग होईल का. तोवर तीन गोष्टी पाळाव्यात. कमजोर हाताला धरून रुग्णाला ओढू नये. बसताना तो हात उशीवर किंवा टेबलावर टेकवून ठेवावा, लोंबकळू देऊ नये. आणि रुग्णाला जे थोडे जमते ते त्यालाच करू द्यावे, वेळ लागला तरी. प्रेमापोटी भरवलेला प्रत्येक घास त्याच्या हाताचे एक काम कमी करतो.

त्या पदाधिकाऱ्यांनी इमारतीचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे. आधी जिल्हा रुग्णालयाशी बोलून एक व्यवसायोपचारतज्ज्ञ नेमायचा, छोटा विभाग चालवायचा आणि तिथे रुग्ण येऊ लागले की मग पदवीचे पाहायचे, असे त्यांनी ठरवले. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटला.

आमचे दुकानदार आता दुकानात बसतात. डाव्या हाताची बोटे अजून पुरती उघडत नाहीत. पण कागदावर ठेवलेले वजन आणि टेकवलेला हात यांच्या मदतीने ते पुडी बांधतात. पूर्वीपेक्षा तिप्पट वेळ लागतो. गिऱ्हाईक थांबते.

परवा मी पावशेर साखर मागितली. मुलगा पुढे आला, तर त्यांनी त्याला हातानेच मागे सारले.